ऑर्कांना शेजार द्या

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की वळसंग लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव मराठी आणि कन्नड यांच्या सरहद्दीवर वसलेलं. या पट्ट्यात कचेरीचा कागद मराठीत असतो, अनेक घरांतलं बोलणं कन्नडात चालतं, दखनी उर्दू कानावर येते, आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागात गेलं की पद्मशाली विणकरांची तेलुगू. भेट झाली की मराठी माणूस विचारतो, ‘जेवण झालं का?’ कन्नड माणूस विचारतो, ‘ऊट आयता?’ ऊट म्हणजे जेवण आणि आयता म्हणजे झालं का. शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण वाक्याची ठेवण तीच! मराठी संस्कृत-प्राकृताच्या कुळातली, कन्नड द्राविड कुळातली. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा इतक्या सारख्या विचारपूस करायला शिकल्या कशा?

हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांना पडतोच. पण कल्पित जगं रचणाऱ्यांनाही तो पडायला हवा. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. त्यात खेळाडू एल्फ, ड्वार्फ अशा कल्पित जमातींतला कुणी बनतो आणि त्या सोंगातून बोलत बोलत गोष्ट पुढे नेतो. एल्फांची भाषा वेगळी, ड्वार्फांची वेगळी, ऑर्कांची आणखी वेगळी. शिवाय सगळ्यांना समजणारी ‘कॉमन’ नावाची एक भाषा. नियमांच्या पुस्तकात या भाषांची नावं असतात, व्याकरण नसतं. मग हौशी खेळाडू वही उघडतात आणि ऑर्कांची बाराखडी लिहायला बसतात.

बहुतेकांची सुरुवात आवाजापासून होते. एल्फांना ल, र, न असे तरल वर्ण मिळतात आणि ऑर्कांना ख, ग्र, ड. पण खडबडीत आवाज नेमका कुणाच्या कानाला खडबडीत? मार्क ओक्रँड यांनी 1984 च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांची भाषा रचली. अमेरिकन कानाला ती पृथ्वीवरची वाटू नये म्हणून त्यांनी मुद्दाम अनोळखी ध्वनी वेचले. त्यांतला एक जीभ मागे वळवून टाळूला टेकवून काढायचा होता. तो म्हणजे आपल्या डब्यातला ‘ड’! हॉलीवूडनं परग्रहावरून आणलेला आवाज वळसंगच्या शाळेत पोरं पहिलीपासून घोकतात. उलट याच गावाच्या नावातला ‘ळ’ मराठीला आणि कन्नडला घरचा आहे, पण प्रमाण हिंदी बोलणाऱ्याची जीभ त्यावर अडखळते.

दुसरी युक्ती शब्दांच्या घडणीची. 2015 च्या ‘बाहुबली’त कालकेय टोळीसाठी तमिळ गीतकार मदन कार्की यांनी किलिकी भाषा तयार केली. सुमारे 750 शब्द आणि 40 व्याकरणनियम तिच्यात होते. ‘मी’ला मिन आणि ‘तू’ला निम. एकाचे वर्ण उलटे केले की दुसरा तयार. पडद्यावर गुरगुरणाऱ्या सरदाराच्या तोंडी इतकी नेटकी घडण आहे, हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा पाहावासा वाटतो.

पण खरी जादू काळाची आहे, आणि ती कादंबरीकार टोलकिन यांना साधली. ते ऑक्सफर्डमध्ये जुन्या भाषांचे प्राध्यापक होते. एल्फांच्या दोन भाषा त्यांनी सुट्या सुट्या रचल्या नाहीत. आधी एक मूळ भाषा कल्पिली, मग एल्फांची ताटातूट झाली असं मानलं, आणि प्रत्येक शाखेला उच्चार बदलण्याचे आपापले नियम लावले. एका शाखेत ‘क्व’ टिकला, दुसरीत त्याचा ‘प’ झाला. म्हणून ‘शब्द’ या अर्थी क्वेन्या भाषेत ‘क्वेत्ता’ आणि सिंदारिनमध्ये ‘पेथ’. वरवर अनोळखी वाटणाऱ्या या दोघी सख्ख्या बहिणी निघतात.

ही करामत पाहायला टोलकिनच्या कल्पित मध्य-पृथ्वीवर जायची गरज नाही. सोलापुरातल्या तेलुगू घरात दुधाला ‘पालु’ म्हणतात आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘हालु’. वाघ तेलुगूत ‘पुलि’, कन्नडात ‘हुलि’. फूल तिकडे ‘पुव्वु’, इकडे ‘हूवु’. जुन्या कन्नडातही हे शब्द ‘प’नंच सुरू होत; साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला. तेलुगूनं ‘प’ राखला. शेकडो शब्दांतून तोच एक नियम सारखा धावतो! आपल्या खेळातल्या दोन जमाती एकाच पूर्वजांच्या आहेत असं दाखवायचं असेल, तर असा एक नियम पुरतो. खेळाडूंना तो सांगूही नये. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एखाद्याच्या तो आपणहून लक्षात येईल, आणि त्या क्षणी त्या जगाला हजार वर्षांचं वय येईल.

तरीही एक गोष्ट टोलकिनच्या वंशवृक्षात नीट मावत नाही, ती म्हणजे शेजार. त्यासाठी वळसंगच्या पश्चिमेला, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जायला हवं. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे. भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा ते सुमारे 3,000 वस्तीचं गाव होतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्याच्यावर लिहिलेला लेख 1971 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्रात गाजला. गावात जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी, आणि दोर वळणारे तेलुगू. रोजच्या कामात माणसं एका भाषेतून दुसरीत सहज जात. शतकानुशतकं असं चालल्यावर काय झालं, तर शब्द जिथल्या तिथे राहिले आणि व्याकरणं एकमेकांकडे सरकली.

प्रमाण कन्नडात ‘हे तुमचं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, ‘आहे’ची गरज नसते. कुपवाडच्या कन्नडानं शेजाऱ्यांसारखं शेवटी ‘आहे’ लावायला सुरुवात केली. उर्दूत नदी ‘आई’, कारण ती स्त्रीलिंगी. कुपवाडच्या उर्दूत नदी ‘आया’! कन्नडात स्त्री-पुरुष हा भेद माणसांपुरता, बाकी सारं नपुंसकलिंगी. उर्दूकडे नपुंसकलिंग नाही, म्हणून निर्जीव वस्तूंची सरसकट पुल्लिंगात रवानगी झाली. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’, आणि कन्नडातही तीच रांग, तोच क्रम. एका भाषेतलं वाक्य तुकड्यातुकड्यानं उचलून दुसरीत ठेवता येतं.

मग चारही भाषा मिळून एक का झाली नाही? कारण घरची भाषा ही आपण कोण याची खूण होती; ती कुणालाच सोडायची नव्हती. शब्दांनी वेगळेपण राखलं आणि व्याकरणानं व्यवहार सांभाळला. आणखी एक नवल असं की, गटागटांमधला व्यवहार चालायचा तो मराठीत, म्हणजे गावातल्या बड्या जमीनदारांच्या घरी जी बोलली जात नव्हती त्या भाषेत. ती कुठल्याच वरचढ गटाची नव्हती, म्हणून कुणालाच ती लादल्यासारखी वाटली नाही. खेळातली ‘कॉमन’ बहुधा राजधानीतून खाली आलेली असते. कुपवाड सांगतं की ती शेतमजुराच्या घरातूनही वर येऊ शकते.

आणि शेजाराची देणगी म्हणावी असं एक रत्न खुद्द आपल्या मराठीत आहे. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत आला. ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहिला. इंग्रजीला हे जमत नाही. तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे, आणि मराठीत तो द्राविड शेजारातून आला असं अनेक अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे आजच्या कन्नडानं तो गमावला. तिथे दोन्हींना एकच ‘नावु’. ऑर्कांच्या भाषेत हा भेद ठेवा आणि बघा काय होतं. ऑर्क सरदार ड्वार्फ राजाला म्हणतो, ‘हा पूल आपण बांधला.’ दुभाषी मात्र ते ‘आम्ही बांधला’ असं ड्वार्फांच्या भाषेत सांगतो. लढाईला एवढं पुरे.

वळसंगच्याच तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल आहे. तिथला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये मोजला जातो. त्यानंतरच्या शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी कन्नडात वचनं रचली. म्हणजे या भाषांचं एका अंगणातलं राहणं हजार वर्षांचं आहे. अक्का आणि अण्णा ही नाती मराठीला द्राविड भाषांकडून मिळाली, आणि आपल्या पानातलं तूप कन्नड ‘तुप्प’चं. लढाईतून शब्द येतात ते हुकमाचे, हत्यारांचे. पण नात्यांचे आणि जेवणाचे शब्द यायला एकमेकांच्या ओसरीवर बसावं लागतं.

म्हणून ऑर्कांची बाराखडी लिहिण्याआधी त्यांचा आठवडी बाजार मांडावा. तिथे कोण काय विकतं, उधारी कुणाच्या भाषेत मागितली जाते, कुणाच्या मुली कुणाकडे नांदतात, एवढं ठरवावं. मग ऑर्कांनी तुपाचा शब्द एल्फांकडून घेतला की एल्फांनी ऑर्कांकडून, हे आपोआप कळेल. आणि दुसरं उत्तर निघालं, तर त्या जगाच्या इतिहासात एल्फांनी लपवलेलं एक प्रकरण सापडलं म्हणून समजा.