नाट्यगीतांची मैफल : पदामागील प्रसंग जाणून ऐकावी

पैनगंगा ओलांडून दक्षिणेस आले की आदिलाबाद जिल्हा लागतो. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या शेजारचा हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे तो आंध्र प्रदेशात आला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा बदलत गेल्या, तरी बेल्यासारख्या भागातील अनेक घरांतून आजही मराठी बोलली जाते. तीच माणसे बाजारात तेलुगू बोलतात, त्यांना उर्दू समजते आणि गोंडी व कोलामी या भाषा त्यांच्या कानांवरून नित्य जात असतात.

अशा जिल्ह्यात मराठी नाट्यगीतांची मैफल भरली, तर एकाच सतरंजीवर तीन प्रकारचे श्रोते बसलेले आढळतील. पहिले वयोवृद्ध, त्यांना पदाची सुरावट ऐकताच ओळ आठवते. दुसरी तरुण मंडळी. त्यांची घरची भाषा मराठी, परंतु शिक्षण बहुधा तेलुगू अथवा इंग्रजी माध्यमातून झालेले असते. तिसरे तेलुगू व उर्दू भाषक शेजारी. ते केवळ सुरांच्या ओढीने येतात. पहिल्या श्रोत्याला पद म्हणजे जुनी ओळख वाटते. उरलेल्या दोघांच्या हाती मात्र संस्कृतप्रचुर शब्दांची एक गोड पण अनाकलनीय चाल तेवढी लागते. त्यांना काही सांगितले नाही, तर पुढच्या मैफलीस ते येतीलच असे नाही. आणि ते आले नाहीत, तर वृद्धांच्या पश्चात ही मैफल ऐकणार कोण, हा प्रश्न उरतो.

पद कोणाचे?

नाट्यगीत हे इतर गाण्यांहून एका बाबतीत वेगळे आहे. ते कोणीतरी, कोणाला तरी, एका विशिष्ट क्षणी उद्देशून गाइलेले असते. या वैशिष्ट्याचे मूळ मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या पद्धतीच्या नाटकांत पद्यगायनाचा मुख्य भार सूत्रधारावर असे; पात्रे आपापल्या परीने भाषणे करीत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पदे पात्रांच्याच तोंडी देण्याची रीत रूढ झाली. दुसऱ्याने वर्णन करण्याऐवजी पात्र स्वतःच आपले सुखदुःख गाऊ लागले.

चालीही काळानुसार पालटत गेल्या. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावणी आणि कर्नाटकाकडील चाली यांचा उपयोग केला. हे सर्व लोकांच्या कानावरचे होते. म्हणून नाटकातील पदे प्रेक्षकांच्या ओठी सहज बसत. १९११ मध्ये आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकास गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. त्यांतून ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी पदात आला. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील बंदिशींचा आधार घेतला. बालगंधर्वांच्या कंठातून ही पदे महाराष्ट्रभर पोहोचली. पुढे १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांतून पं. जितेंद्र अभिषेकी यांनी पदाला नवे, आटोपशीर रूप दिले. जुन्या नाटकाचे छापील पुस्तक उघडल्यास पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचा निर्देश आढळतो. एका पदाच्या मागे किती ठिकाणचे संगीत उभे आहे, हे त्या एका ओळीवरून कळते.

प्रसंग कळला की पद कळते

काही उदाहरणे पाहावीत. ‘सौभद्र’ नाटकात बलरामाच्या मनात सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी करावयाचा आहे, तिचे मन अर्जुनावर आहे आणि श्रीकृष्ण सारे जाणून अजाणतेपणाचे सोंग करतो आहे. एवढे ठाऊक असेल तर कृष्णाच्या पदातील मिस्किलपणा ऐकताना श्रोत्याच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. ठाऊक नसेल तर तेच पद देवाची स्तुती आहे असे वाटण्याचा संभव असतो.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकात द्रव्यलोभी पिता आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न एका धनिक वृद्धाशी ठरवितो. त्या मुलीच्या तोंडची पदे वरवर साधी आहेत. परंतु गाणारी एक असहाय बालिका असून तिच्या आयुष्याचा सौदा चालला आहे, हे कळले म्हणजे तो साधेपणाच हृदयाला भिडतो. बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९२९ मध्ये झाला आणि त्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली. ती प्रथा अद्याप सर्वत्र निखालस संपलेली नाही, हे ध्यानात घेता शारदेचे गाऱ्हाणे आजच्या गावकऱ्यालाही परके वाटणार नाही.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्येच रंगभूमीवर आले. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली आणि सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. पतीच्या मद्यपानाने घर धुळीस मिळाले आहे आणि सिंधू दारिद्र्यात आपल्या बाळाला जोजवीत आहे, असे निवेदकाने सांगितले की अंगाईची चाल ऐकता ऐकता सभागृहातील बायाबापड्यांचे डोळे पाणावतात. हे दुःख समजण्यास मराठी उत्तम यावी लागते असे नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक दोन गायकी परंपरांच्या संघर्षाचे आहे. दरबारी गायकाला मिळणाऱ्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. त्यातील खाँसाहेबांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केली. वसंतराव मूळचे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे. त्यांची जडणघडण नागपुरात झाली. उर्दूमिश्रित संवाद आणि हिंदुस्थानी बंदिशी यांमुळे या नाटकातील गाणी आदिलाबादच्या मिश्र श्रोतृवर्गाला विशेष जवळची वाटावीत, यात नवल नाही.

नाटकाकडून मैफलीकडे

संगीत नाटकाचा प्रयोग पूर्वी रात्र रात्र चाले. आवडत्या पदाला ‘वन्समोअर’ मिळे, गायकनट ते पुन्हा आळवी आणि कथानक तेथेच थांबून राही. १९३२ पासून मराठी बोलपट आले आणि खर्चिक नाटकमंडळ्या एकामागून एक मिटत गेल्या. गाणारे नट, नेपथ्य, पोशाख आणि वादक असा सारा संच घेऊन लहान गावी जाणे आज कोणत्याही संस्थेला सोपे नाही. मैफलीला मात्र एक-दोन गायक, संवादिनी किंवा पायपेटी (ऑर्गन), तबला आणि एक निवेदक एवढे पुरते. म्हणूनच नाटक जेथे पोहोचू शकत नाही, तेथे त्याचे संगीत पोहोचते.

ही प्रथा थोरांनीही चालविली. वसंतराव देशपांडे नाट्यसंगीताच्या वाटचालीवर सप्रयोग व्याख्यान देत, तर कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा स्वतंत्र कार्यक्रमच सादर केला. या दोघांनी पदे गाण्याबरोबर त्यांकडे कसे पाहावे हेही श्रोत्यांना दाखविले. अलीकडे ‘बालगंधर्व’ (२०११) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटांमुळे ही पदे तरुणांच्या कानी पडली आहेत. मैफलीस येणाऱ्या तरुणाची पहिली ओळख बहुधा तेथूनच झालेली असते.

श्रोत्याने कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

मैफलीचा आरंभ बहुधा नांदीने होतो आणि शेवट भैरवीने. पद सुरू झाले की प्रथम त्याचा मुखडा ध्यानात ठेवावा. गायक कोठेही फिरून आला तरी तो याच ओळीकडे परततो. तबल्याच्या आवर्तनातील पहिली मात्रा म्हणजे सम. तेथे गायक आणि तबलजी एकत्र आले की दाद आपोआप निघते. गायक शब्दांशी कसा वागतो, हेही पाहावे. एकच शब्द तो तीनदा उच्चारतो, तेव्हा एकदा त्यात आर्जव असते, एकदा रुसवा आणि एकदा निश्चय. तान कितीही दाणेदार असली तरी तिच्यात पात्राची मनःस्थिती हरवली असेल, तर ते उत्तम गायन असेल, नाट्यगीत नव्हे. ही कसोटी शास्त्रीय संगीत न शिकलेल्या श्रोत्यालाही लावता येते.

दोन्ही भाषांचा वारसा

मराठी आणि तेलुगू रंगभूमीचे नाते जुने आहे. तंजावरचे भोसले राजे शहाजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके रचिली आणि ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे संगीतनाट्य तेलुगूत लिहिले. तेलुगू रंगभूमीवरील विख्यात सुरभी मंडळी १८८५ मध्ये कडपा भागातील सुरभी गावी उदयास आली. त्या कुटुंबांचे पूर्वज महाराष्ट्रातून गेलेले. तेलुगू पद्यनाटकाचा प्रेक्षकही आवडत्या पद्याला ‘वन्समोअर’ देत आला आहे. स्वतः आदिलाबादच्या परिसरात दिवाळीच्या दिवसांत गोंड बांधवांची दंडारी पथके गुसाडी नर्तकांसह गावोगाव जातात. त्या कलेतील कामगिरीबद्दल मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. गाणे, सोंग आणि कथा एकत्र पाहण्याची सवय या मातीला मुळातच आहे.

तेव्हा मैफल भरविणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी थोडी पूर्वतयारी करावी. प्रत्येक पदापूर्वी त्याचा प्रसंग दोन वाक्ये मराठीत व दोन वाक्ये तेलुगूत सांगावा. निवेदन लांबवू नये. श्रोते गाणे ऐकण्यास आलेले असतात. पदांची व नाटकांची नावे असलेला एक कागद आधी वाटावा. मराठी माध्यमाच्या शाळांतून आदल्या दिवशी एखाद्या नाटकाची गोष्ट मुलांना सांगावी आणि शक्य तर नाटकाचे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे. गावातील ज्या वृद्धांना जुनी पदे पाठ आहेत, त्यांना पुढच्या रांगेत बसवून मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. या साऱ्यास फारसा खर्च येत नाही.

असे झाले तर शारदेचे पद सुरू होताच एखादी आठवीतील मुलगी शेजारच्या तेलुगू मैत्रिणीच्या कानात सांगू लागेल की, हिचे लग्न म्हाताऱ्याशी ठरले आहे. ती मैत्रीणही मग शेवटपर्यंत बसून ऐकेल.