क्ष-किरण प्रतिदीप्ती प्रतिमांकन

क्ष-किरण प्रतिदीप्ती प्रतिमांकन ही पेशी, ऊती, हाड, दात अशा जैविक नमुन्यांत कोणते मूलद्रव्य कोठे व किती प्रमाणात आहे, याचा नकाशा तयार करण्याची पद्धत आहे. नेहमीच्या क्ष-किरण छायाचित्रात हाड दिसते. परंतु त्यात साचलेले शिसे वेगळे ओळखता येत नाही. या पद्धतीने ते ओळखता येते.

तत्त्व

पुरेशा ऊर्जेचे क्ष-किरण अणूवर पडले असता आतील कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्या रिक्त जागी बाहेरील कवचातील इलेक्ट्रॉन येतो आणि दोन्ही पातळ्यांमधील ऊर्जेचा फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडू शकतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरावीक असते. के-अल्फा रेषेची ऊर्जा कॅल्शियमसाठी ३.६९, लोहासाठी ६.४०, तर जस्तासाठी ८.६४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. या रेषांचा अणुक्रमांकाशी असलेला नियमबद्ध संबंध हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवला.

कार्यपद्धती

बारीक क्ष-किरण शलाकेसमोर नमुना बिंदुगणिक सरकवतात व प्रत्येक बिंदूचा वर्णपट नोंदवतात. त्यांवरून संगणक प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतंत्र नकाशा रचतो. सूक्ष्म तपशिलासाठी सिंक्रोट्रॉनमधील प्रखर किरण वापरतात. भारतात इंदूर येथील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर अशी सोय आहे.

उपयोग

शिसे रक्तातून काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांत अनेक वर्षे टिकते. दाताचे थर क्रमाने तयार होतात. त्यामुळे दुधाच्या दातातील शिशाच्या वितरणावरून बालकाचा त्या विषाशी संपर्क केव्हा आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. उंदराच्या अंडपेशी परिपक्व होताना त्यांतील जस्ताचे प्रमाण सुमारे निम्म्याने वाढते, हेही याच पद्धतीने दिसून आले. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतील लोहाच्या वितरणाचा अभ्यासही या पद्धतीने केला जातो.

मर्यादा

कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे किरण अतिशय क्षीण ऊर्जेचे असल्याने ती सहसा टिपता येत नाहीत. जस्ताचे किरणही काही मिलिमीटर जाडीच्या ऊतीत बहुतांश शोषले जातात. म्हणून पातळ छेद घ्यावे लागतात. शरीराच्या आत खोलवर पाहण्यासाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत, कारण सोन्याचे के-किरण अधिक भेदक असतात. मात्र सजीवाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मर्यादेत ठेवणे, ही त्यातील मुख्य अडचण आहे.