पुडक्यावरची चिठ्ठी

मीरा-भाईंदरमधले उत्तन हे कोळ्यांचे गाव. तिथे बोंबील वलांडीवर सुकतात. सुके बोंबील पिशवीत भरून दुकानात ठेवले, की ते कोणी भरले, कधी भरले, वजन किती, हे नुसते बघून कळत नाही. म्हणून पिशवीवर चिठ्ठी लागते. बंद पुडक्यावर मालाचे नाव, वजन, भरणाऱ्याचा पत्ता, महिना-साल आणि किंमत लिहावी, असा २०११ सालचा सरकारी नियमच आहे.

संगणकाचेही असेच आहे, बरे का! संगणकाकडून काम करून घेणाऱ्या सूचनांना प्रोग्रॅम म्हणतात. प्रोग्रॅम बांधून ठेवलेले पुडके म्हणजे पॅकेज. बोंबील निदान हुंगून बघता येतात. हे पुडके हुंगता येत नाही. चिठ्ठी वाचायची आणि ठरवायचे.

समजा, तुमच्या मुलीला घरचा संगणक वायफायला जोडायचा आहे. वायफाय म्हणजे तारेवाचून जोडणारे जाळे. मासळीचे नव्हे, संगणकांचे! ती पुडके शोधते. एकावर लिहिले आहे, ‘सर्वांत वेगवान, सर्वांत सोपे!’ यातून काय कळले? काहीच नाही. ही तर बाजारातली आरोळी झाली.

डेबियन नावाचा एक उपक्रम आहे. जगभरची माणसे मिळून तो १९९३ सालापासून चालवतात आणि अशी हजारो पुडकी फुकट देतात. त्यांचा नियम असा, की चिठ्ठीची पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत हवी. तीत पुडक्याचे नाव पुन्हा लिहायचे नाही, कारण नाव शेजारी असतेच. पुडके काय काम करते, तेवढेच सांगायचे. बाकीचे खाली सविस्तर.

आम्ही म्हणतो, काय होणार नाही, तेही लिहावे. जोडणारा प्रोग्रॅम इंटरनेट देत नाही. हे लिहिले नाही, तर फुकट इंटरनेट मिळेल म्हणून पोर रात्रभर खटपट करत बसते. आणखी एक गंमत. वायफाय जोडणारे पुडके आणायलाच आधी इंटरनेट लागते! तेव्हा ते तारेने किंवा फोनवरून आणावे लागते.

आम्ही लिहिलेली चिठ्ठी अशी:

‘जवळची वायफाय जाळी दाखवतो व निवडलेल्या जाळ्याला जोडतो.

संगणकात वायफायचा भाग असावा लागतो. जाळ्याचा पासवर्ड तुमच्याकडे हवा. हा प्रोग्रॅम इंटरनेट पुरवत नाही.’