सात तालुके, एक फंक्शन

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. वेबपानावर त्यांची यादी द्यायची तर बरेच जण एचटीएमएलची एकच ओळ सात वेळा चिकटवून नावं बदलतात. हे काम जावास्क्रिप्टच्या फंक्शनकडेच द्यावं. ते ‘क्रिएटएलिमेंट’ने यादीतली एक कोरी ओळ तयार करतं, ‘टेक्स्टकंटेंट’मधून तीत नाव भरतं आणि ‘अपेंडचाइल्ड’ने ती यादीला जोडतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिरोडा, आमगाव, देवरी यांसारखे तालुके भंडाऱ्यातून गेले. असा बदल फंक्शनवाल्या पानात फक्त नावांच्या यादीत करावा लागतो; मांडणीला हात लागत नाही.

सातच ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण हीच नावं पत्ता भरण्याच्या फॉर्ममध्ये आणि तक्त्यातही लागतात. एका जागी दुरुस्ती राहून गेली की पान चुकीची माहिती देतं. शिवाय मजकूर वाचकाने भरलेला असेल आणि तो ‘इनरएचटीएमएल’ने सरळ पानात घातला, तर त्यात दडवलेला कोड ब्राउझर चालवू शकतो. ‘टेक्स्टकंटेंट’ त्याला निव्वळ अक्षरं मानतं. सुरक्षिततेचा हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे: नेटवर्क मंद असेल आणि स्क्रिप्ट पोचलीच नाही, तर यादी रिकामी दिसेल. त्यासाठी तसंच फंक्शन सर्व्हरवर चालवावं आणि ब्राउझरकडे तयार पान पाठवावं.