कमाई तिची, वारस सासरचे!

लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, नोकरी लागली, चार पैसे गाठीशी जमले. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करताच वारली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची मिळकत दिली कुणाला? नणंदेच्या मुलांना! हिंदू वारसा कायद्याचे कलम १५ तसेच सांगते. मूलबाळ, पती नसेल तर स्त्रीच्या कमाईवर आधी पतीचे वारस, मग आईवडील. विधी आयोगाने २००८ मध्येच, २०७ व्या अहवालात, अशी स्वकष्टार्जित मिळकत दोन्हीकडच्या वारसांना समान देण्याची शिफारस केली होती. पण आयोग सल्ला देणार. कायदा बदलायचा संसदेने. कलम तसेच राहिले. मृत्युपत्राला मात्र स्टँपपेपरही लागत नाही. साध्या कागदावर तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.