रंगलेल्या भिंती : आधी ओल, मग फवारा

फवाऱ्याच्या रंगाचा थर फार पातळ बसतो. ब्रशने दिलेला रंग भिंतीच्या बारीक भेगांत शिरतो. डब्यातून उडालेले कण वाटेतच थोडे सुकतात आणि पृष्ठभागावर नुसते टेकतात. खालची भिंत ओली किंवा भुसभुशीत असली तर हा थर कांद्याच्या सालीसारखा सुटतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. शाळेच्या कंपाउंडवर मुलांनी काढलेली चित्रे पुढच्या दिवाळीपर्यंतही का टिकत नाहीत, या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर याच पावसात आहे.

कंपाउंडच्या भिंतीत पाणी वरून मुरते, पायातून चढते आणि घाटउतारावर मागच्या मातीतूनही येते. मातीला आधार देणारी भिंत चित्रासाठी सर्वांत वाईट. पाणी झिरपण्यासाठी ठेवलेली भोके बुजली असतील तर ते गिलाव्यातून वाट काढते, सुकताना खार फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात. अशी भिंत सोडून दिलेलीच बरी. शंका असल्यास प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूने थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे. नव्या गिलाव्याला किमान चार आठवडे द्यावे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. ताज्या सिमेंटमधील अल्कली ऑइलपेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण करते.

म्हणून लोणावळ्याभोवतीच्या मावळात मुलांची भिंत रंगवण्याची कार्यशाळा पाऊस सरल्यावर, भिंत वाळली की सुरू करावी. आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ मारायचे (हे काम मोठ्यांचे), मग घासणे, धुणे, वाळवणे, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि अॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. मोठे रंगभाग ब्रश-रोलरने भरावेत. फवारा छटा आणि कडांपुरता. खर्च वाचतो, आणि चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिलेल्या मुलांचा हात ब्रशवर बसलेलाही असतो. पहिले दोन दिवस डबा हातात मिळत नाही म्हणून मुले कुरकुरतात, कुरकुरू द्यावीत.

महाराष्ट्रात लोकसहभागाने रंगलेल्या भिंती नव्या नाहीत. 2009 मध्ये मुंबईच्या सेनापती बापट मार्गावरील रेल्वेलगतची लांबलचक भिंत शेकडो नागरिकांनी रंगवली. पुण्यात हर्षवर्धन कदम यांनी 2012 मध्ये सुरू केलेल्या पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टने कसबा पेठेच्या भिंती हाती घेतल्या. खेड्यात याचे मूळ आणखी जवळचे आहे : जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती. लोणावळा स्वच्छ सर्वेक्षण या शहरांच्या स्वच्छतेच्या स्पर्धेत एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत 2020 मध्ये तिसरे, 2021 मध्ये दुसरे आले. या स्पर्धेमुळे राज्यभर भिंती रंगल्या. मात्र पाहणीच्या तोंडावर घाईने रंगवलेली भिंत आणि आळीतल्या मुलांनी रंगवलेली भिंत यांत फरक हा, की दुसरीची डागडुजी होते.

प्रत्येक मुलाला आपले नाव लिहायचे असते. त्यासाठी तळाशी एक पट्टी राखावी. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकट या ठिकाणचे यवनही (ग्रीक) आहेत; म्हणजे मागणी जुनीच. पण कार्ले, भाजे, बेडसे किंवा लोहगडावर आज एक रेघ ओढणेही 1958 च्या पुरातन वास्तू कायद्याने गुन्हा आहे. इतरत्र मालकाची लेखी परवानगी हवी.

दमट हवेत फवारा मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि काही रंग पांढुरके पडतात. डिसेंबरच्या सकाळी उलटा त्रास : डबा गारठला की आतला वायूचा दाब उतरतो आणि रंग थुंकल्यासारखा पडतो. डबा कोमट पाण्यात धरावा, शेगडीजवळ कधीही नाही. 50 अंशांपुढे तो फुटण्याचा धोका असतो. आतली गोळी खुळखुळू लागल्यावर आणखी दोन मिनिटे हलवावा. कापडी रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. कार्बनची गाळणी असलेला मास्क लागतो आणि जागा उघडी लागते.

पाऊस गेल्यावर भिंत मऊ ब्रशने धुवावी, सुटलेला भाग खरवडून प्रायमरपासून पुन्हा करावा. माथ्यावर उतार दिलेली झाकणपट्टी (कोपिंग) असेल तर हे काम बरेच कमी होते.