विमाने टिपणारी माणसे

गडचिरोली जिल्ह्यात सती नदीकाठच्या कुरखेड्यात आभाळातून घरघर ऐकू आली म्हणजे हातातले काम टाकून वर पाहणारा मनुष्य केवळ कौतुकाने पाहत नसतो; निवडणुकीचे दिवस असतील तर मतदानयंत्रे दुर्गम केंद्राकडे निघाली असावीत, पावसाळा असेल तर पुराने तुटलेल्या गावातून कोणी रुग्ण आणला जात असावा, आणि यांपैकी काही नसेल तर जंगलात चकमक उडून जखमी जवानांना नागपूरकडे नेत असावेत, असा तर्क तो त्या आवाजाच्या दिशेवरून मनाशी बांधीत असतो. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी जिल्ह्यातीलच ग्यारापत्तीच्या जंगलात माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह पंचवीसहून अधिक माओवादी मारले गेले, तेव्हा जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरनेच नागपूरला हलविण्यात आले होते. आकाश वाचण्याची ही विद्या या मुलखाला गरजेने शिकविली आहे.

विलायतेत मात्र हीच विद्या हौसेच्या पदवीस पोहोचलेली आहे. दुर्बीण, टिपणवही आणि शिदोरी घेऊन लष्करी तळाच्या कुंपणाबाहेर दिवस दिवस बसावे, उतरणाऱ्या विमानाची जात ओळखावी, त्याच्या शेपटीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि वहीत नसलेला एखादा क्रमांक मिळाला तर धन्य व्हावे, एवढाच हा छंद. लहानपणी ज्याने काडेपेटीचे छाप जमविले असतील त्याला त्यातील आनंद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मौज अशी की या छंदाला बळ दिले ते प्रत्यक्ष युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान कोणते आणि स्वकीयांचे कोणते हे केवळ बाह्याकृतीवरून सांगू शकणारे सामान्य नागरिक इंग्लंडच्या निरीक्षक दलात हजारोंच्या संख्येने राबत होते, आणि विमाने ओळखण्यासाठीच वाहिलेले एक नियतकालिक तेथे १९४१ च्या जानेवारीत सुरू झाले होते. ज्या डोळसपणाची सरकारने त्या काळी भीक मागितली, त्याच डोळसपणाकडे शांततेच्या काळात सरकार संशयाने पाहू लागले.

या संशयाची सर्वांत गाजलेली कैफियत ग्रीसमधील आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाता येथील हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच छांदिष्टांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. विमानांचे आकडे कोणी निव्वळ हौसेने लिहून घेतो, हे तपास करणाऱ्यांच्या गळी उतरेना. काही आठवडे तुरुंगात काढून ते जामिनावर सुटले, पुढच्या एप्रिलमध्ये दोषी ठरले, काहींना तीन वर्षांची शिक्षाही सुनावली गेली, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. आपल्याकडे दिल्लीतही २०१० साली विमानतळालगतच्या हॉटेलात उतरलेले दोन ब्रिटिश छांदिष्ट पकडले गेले होते. त्यांची सुटका अखेर दंडावर झाली.

तरीही सरकारचा संशय केवळ मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. एक क्रमांक निरुपद्रवी असतो. परंतु निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी टिपलेले क्रमांक एकत्र जुळविले म्हणजे त्यांतून काय निष्पन्न होते, हे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला चांगलेच ठाऊक आहे. संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेणारी त्या खात्याची विमाने २००४-०५ च्या सुमारास उघडकीस आली, त्यात या छांदिष्टांच्या छायाचित्रांचा मोठा वाटा होता. तेथे लोकहित साधले. तीच जुळवणी दुसऱ्या हातात पडली तर काय होते, ते पाहण्यासाठी कुरखेड्याच्या बाहेर जावे लागत नाही.

३० एप्रिल २०१९ च्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली. दुसऱ्या दिवशी, ऐन महाराष्ट्रदिनी, तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाचे खासगी वाहन जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात उडविले गेले आणि पंधरा जवान व वाहनचालक प्राणास मुकले. मारेकऱ्यांना तेथे कोणत्याही यंत्राचे गुपित लागले नव्हते. कोण, केव्हा आणि कोणत्या वाटेने येणार, एवढेच त्यांना हवे होते. हेलिकॉप्टरची गोष्ट याहून निराळी नाही. उंचावर ते बरेचसे सुरक्षित असते. उतरताना ते मंद होते, खाली येते आणि ठरलेल्या मोकळ्या जागेकडे वळते. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात बिजापूर जिल्ह्यात मतदानपथकाला घेऊन निघालेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन त्यातील एक हवाई सैनिक ठार झाला होता.

कायद्याची मेख मात्र अन्यत्र आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात लष्करी तळ, दारूगोळ्याचे कारखाने इत्यादी ‘निषिद्ध स्थाने’ मानली आहेत. चंद्रपूरकरांना भद्रावतीच्या आयुध निर्माणीमुळे ही कल्पना अपरिचित नाही. संरक्षणविषयक अपराधास चौदा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि आरोपीचा हेतू देशविघातक होता हे त्याच्या वर्तनावरून व परिस्थितीवरून अनुमानाने ठरविण्याची मुभाही त्या अधिनियमात आहे. ही मुभा मला भयावह वाटते, कारण कालामाताच्या चौदा जणांवर जे ओढवले ते अशाच अनुमानाने. याउलट मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढलेला हुकूम मला अधिक समंजस वाटतो: संरक्षण दलाच्या तळांवरून ये-जा करणाऱ्या प्रवासी विमानांतील खिडक्यांचे पडदे दहा हजार फुटांखाली ओढलेले असावेत आणि छायाचित्रे घेऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. काय करू नये हे त्यात नेमके सांगितले होते. कोणाच्या मनात काय होते हे शोधण्याच्या भानगडीत तो पडला नव्हता.

कुरखेड्याच्या पोरांनी हेलिकॉप्टर अवश्य पाहावे, त्याची जात ओळखावी, वहीत तारीखही घालावी. मोबाईलवर चित्र घेतलेच असेल, तर ते हेलिकॉप्टर उतरून, आपले काम आटोपून तळावर सुखरूप परत पोहोचेपर्यंत तरी कोणाला पाठवू नये.